समुद्रातल्या पवनचक्क्यांचे पाये किनाऱ्यावर बांधायचे आहेत: जागेची तयारी कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 40 मीटर खोल पाण्यात उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांसाठी काँक्रीटचे पोकळ पाये किनाऱ्यावर बांधायचे आणि मग पाण्यावरून ओढून न्यायचे. एका पायाचा तळ 32 मीटर व्यासाचा, साइटवरून निघतानाचं वजन 7,000 टनांच्या आसपास, एकूण नग 20. खाडीच्या तोंडाशी सपाट, दलदलीची जागा हाती आली आहे. सपाटीकरण आणि भराव लगेच सुरू करावा का, कामांचा क्रम काय ठेवावा आणि तयारीला किती वेळ धरावा, हे तुम्हाला हवं आहे.

भराव आत्ता टाकू नका. आत जायला कच्चा रस्ता करा, कुंपण घाला, पण भरावाचे डंपर थांबवा.

रस्ते, पूल, इमारती अशा कामांतून आलेला माणूस जागेवर गेला की पहिल्यांदा जमिनीची पातळी बघतो. सवय चांगलीच आहे. पण तिथे बांधलेली वस्तू तिथेच राहते. इथे 7,000 टनांची वस्तू एका ठरलेल्या दिवशी पाण्यावर तरंगायला हवी. म्हणून पहिला प्रश्न हा, की पाया इथून बाहेर कसा पडणार? त्याचं उत्तर मिळालं की जमीन कुठे उंच हवी, कुठे खोल हवी आणि कुठे भक्कम हवी हे ठरत जातं. ते मिळण्याआधी टाकलेला भराव उद्या नेमका तिथेच खोदावा लागला, तर तो चिखलात मिसळलेला असतो आणि कुठेच वापरता येत नाही.

बाहेर पडण्याचे मार्ग मोजकेच आहेत. पहिला म्हणजे कोरडी गोदी: किनाऱ्याला लागून खड्डा खोदायचा, समुद्राकडे बांध घालायचा, पाणी उपसून आत बांधकाम करायचं, काम झालं की पाणी आत घेऊन बांध काढायचा आणि वस्तू ओढून न्यायची. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या बुल आर्म खाडीत हायबर्निया या तेलमंचाचा प्रचंड तळ असाच बांधला, मग खोल पाण्यात नेऊन तरंगत्या अवस्थेत पुरा केला आणि 1997 मध्ये तो समुद्रात बसला. इंग्लंडमध्ये ब्लाइथजवळच्या पाच पवनचक्क्यांचे पाये टाइन नदीकाठच्या आधीपासून असलेल्या कोरड्या गोदीत बांधून 2017 मध्ये तरंगत नेले. दुसरा मार्ग म्हणजे धक्क्यामागे जमिनीवर ओळीनं बांधायचे आणि बार्जवर, म्हणजे सपाट डेकच्या मालवाहू तराफ्यावर, चढवायचे. फ्रान्समध्ये फेकाँच्या पवनक्षेत्राचे 71 पाये ल हाव्र बंदरात असे जमिनीवर बांधले होते. तिसरा मार्ग म्हणजे बार्जच्या डेकवरच बांधायचे. डेन्मार्कच्या रॉडसँड 2 चे पाये पोलंडमधल्या बंदरात बार्जवरच ओतले गेले, पण ते तुमच्या पायांपेक्षा कितीतरी हलके होते.

यातला कुठला मार्ग तुमचा, हे नगांची संख्या, एका नगाचं वजन, किनाऱ्याजवळची पाण्याची खोली आणि जमिनीखालचे थर यांवर ठरतं. एकच अवाढव्य वस्तू असेल तर खड्डा खोदण्याला पर्याय नसतो. पाच-सहा नग असतील आणि जवळ जुनी गोदी रिकामी असेल तर ती भाड्यानं घेण्यासारखं सुख नाही. 20 नगांचं गणित मात्र सीमेवरचं आहे. गोदी केलीत तर पाच-पाचच्या चार खेपा होतील, म्हणजे बांध चारदा काढायचा आणि तीनदा पुन्हा घालायचा, नाही तर सरळ तरंगतं दार बसवायचं. जमिनीवर केलेत तर बार्ज लागेल, तेही पाण्यात बुडून पाया सोडणारं, अर्धबुडीत. तुम्ही वर्णन केलेल्या मऊ जमिनीत माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. तरी बोअरहोलचे, म्हणजे जमिनीत खोल भोकं घेऊन तपासलेल्या थरांचे, अहवाल पाहिल्याशिवाय मी त्यावर सही करणार नाही, आणि तुम्हीही करू नका.

आता तरंगण्याचा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. 32 मीटर व्यासाच्या तळाचं क्षेत्रफळ सुमारे 804 चौरस मीटर. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025 धरली तर 7,000 टनांना 6,830 घनमीटर पाणी बाजूला सारावं लागतं. म्हणजे पाया साधारण 8.5 मीटर पाण्यात बुडून तरंगेल. ही बुडालेली खोली म्हणजे ड्राफ्ट, आणि हा झाला कागदावरचा. प्रत्यक्षात शटरिंग थोडं फुगतं, भिंत काही मिलिमीटर जाड होते, सळया दाट असल्यानं काँक्रीटचं वजन घनमीटरला 2.5 टनांऐवजी 2.6 किंवा जास्त भरतं. वजन नुसतं 4 टक्क्यांनी वाढलं तरी ड्राफ्ट 34 सेंटिमीटरनी वाढतो. शिवाय पाया किंचित कललेला असणार, तळाखाली निदान एक मीटर मोकळं पाणी हवं आणि वाटेत गाळ साचणार. सगळं धरून बाहेर पडण्याच्या वाटेवर, त्या दिवसाच्या भरतीच्या पाण्याखाली, 10 मीटरपेक्षा जास्त खोली लागते. खाडीच्या तोंडाशी इतकी खोली आपसूक क्वचितच मिळते.

तळाच्या कडेभोवती खाली उतरणारी भिंत असेल तर आत हवा कोंडून ड्राफ्ट कमी करता येतो. उत्तर समुद्रातल्या तेलमंचांच्या तळांसाठी ही युक्ती वापरली गेली आहे. पण कोंडलेल्या हवेनं स्थिरता घटते, त्यामुळे नौकास्थापत्य जाणणाऱ्या माणसानं हिशेब तपासून दिल्याशिवाय खोली वाचवण्यासाठी तिचा आधार घेऊ नका. आणि वजन प्रत्येक पायाचं, प्रत्येक ओतकामागणिक नोंदवत जा. ते काम पहिल्या स्लॅबपासून सुरू होतं.

बार्जच्या मार्गालाही खोली चुकत नाही, फक्त तिची जागा बदलते. पाया 8.5 मीटरवर तरंगतो, म्हणजे बार्जचं डेक पाण्याखाली साडेनऊ-दहा मीटर जायला हवं. त्यात बार्जच्या स्वतःच्या उंचीचे सात-आठ मीटर आणि खालची मोकळीक मिळवली की 18 ते 19 मीटर खोल, लाटांपासून आडोसा असलेली जागा लागते. ती धक्क्यालगतच असावी असं नाही. काही मैलांवर असली तरी चालते, पण ती आहे का हे आत्ताच नकाशावर शोधा.

नकाशा म्हटलं की एक गोष्ट सांगायलाच हवी. सागरी नकाशातला शून्य आणि जमिनीच्या मोजणीतला शून्य एक नसतात. सागरी नकाशाचा शून्य सर्वांत खालच्या ओहोटीच्या आसपास असतो, जमिनीचा बहुधा सरासरी समुद्रपातळीच्या जवळ. भरती-ओहोटीत 5 मीटरचा फरक असलेल्या ठिकाणी या दोन शून्यांमध्ये अडीच मीटरच्या आसपास अंतर पडू शकतं. ड्रेजिंगवाल्यांचे, म्हणजे समुद्रतळ खोदून खोली वाढवणाऱ्यांचे, आराखडे पहिल्या शून्यावर बेतलेले, सिव्हिलवाल्यांचे दुसऱ्या, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी हेच पहिलं काम देतो: साइटवर एक पक्का बेंचमार्क, म्हणजे पातळी मोजण्याची कायमची खूण, उभारायचा, त्यावर दोन्ही शून्यांची पाटी लावायची आणि प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कुठला शून्य धरला आहे ते लिहून घ्यायचं. त्याच्याच शेजारी भरतीमापक बसवा आणि आजपासून नोंदी सुरू करा. खाडीच्या आत प्रत्यक्ष येणारं पाणी छापील तक्त्याशी तंतोतंत जुळतंच असं नाही. वाऱ्यानं आणि नदीच्या पुरानं ते वरखाली होतं.

मग जमिनीखालची तपासणी. बोअरहोल घ्यायचं सगळ्यांना माहीत असतं, पण कुठे घेतले जातात ते बघा. जमिनीवर ट्रकवरचं यंत्र कोरड्या कडेपर्यंत जातं. समुद्रात बार्जवरचं यंत्र तीन-चार मीटर पाणी असेल तिथपर्यंत येतं. मधला पट्टा, जो ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला बुडतो, तिथे दोन्ही यंत्रं पोचत नाहीत आणि अहवालात तो कोरा राहतो. गोदीचा बांध किंवा धक्क्याची भिंत नेमकी त्याच पट्ट्यात येते. पायांवर उभं राहणारं छोटं व्यासपीठ किंवा दलदलीत चालणारं यंत्र मागवायला खर्च येतो, तो करा. त्या पट्ट्यात बोअरहोलबरोबर शंकू खुपसून घ्यायची चाचणी, म्हणजे सीपीटी, दाट अंतरानं घ्या. मऊ मातीतले वाळूचे पातळ पदर ती अचूक दाखवते, आणि पाणी तिथूनच येतं.

आता भरावाकडे येतो. दलदलीतल्या ताज्या चिकणमातीची ताकद बहुतेक वेळा 10 ते 15 किलोपास्कल असते (10 किलोपास्कल म्हणजे चौरस मीटरला सुमारे एक टन). 12 धरली तर ती त्याच्या पाचपटीहून थोडा जास्त, म्हणजे 62 किलोपास्कल भार सोसून मग ढासळेल, म्हणजे साडेतीन मीटरचा भराव. थोडी सुरक्षितता ठेवली तर अडीच मीटर. त्याहून जास्त एका दमात टाकलात की भराव मध्ये बुडतो आणि बाजूला चिखल फुगून वर येतो. एकदा असं झालं की खालच्या मातीची घडण मोडते आणि ती होती त्याहूनही कमजोर होते. तुमच्या एका पायाचा कोरड्या जमिनीवरचा सरासरी भार चौरस मीटरला 8.7 टन, म्हणजे 85 किलोपास्कल. आज ती जमीन हा भार पेलणारच नाही.

पेलायला शिकवायची तर आतलं पाणी बाहेर काढावं लागतं, आणि चिकणमाती पाणी फार सावकाश सोडते. 12 मीटर जाडीचा थर आहे, पाणी वर आणि खाली दोन्हीकडे जाऊ शकतं आणि थराचा पाणी सोडण्याचा गुणांक वर्षाला 1 चौरस मीटर आहे असं धरा. नेहमीच्या सूत्रानं 90 टक्के खचण्याला 30 वर्षं लागतात. त्याच थरात 1.2 मीटर अंतरावर निचऱ्याच्या उभ्या पट्ट्या खुपसल्या तर पाण्याला अर्ध्या-पाऊण मीटरच्या आत वाट मिळते. आडव्या दिशेनं ते दुप्पट सहज वाहतं असं धरलं, तर तेवढंच खचणं सहा महिन्यांच्या आसपास होतं. म्हणून क्रम असा: आधी वाळूची पातळ गादी, तिच्यावरून पट्ट्या, मग थराथरानं भराव, प्रत्येक थरानंतर थांबून पाण्याचा दाब उतरल्याची खात्री, आणि शेवटी पायाच्या प्रत्यक्ष भारापेक्षा थोडा जास्त असा तात्पुरता बोजा. भराव आधी झाला तर या पट्ट्या त्याच्यातून खुपसणं महाग पडतं, मोठे दगड असतील तर अशक्यच होतं. डंपर थांबवा म्हटलं ते यासाठीही.

तात्पुरता बोजा कधी उतरवायचा हे कॅलेंडरवरून ठरवू नका. खचणं मोजणाऱ्या प्लेटा आणि पाण्याचा दाब मोजणारे पायझोमीटर सांगतील तेव्हा उतरवा. कार्यालयातून फोन येतील की तारीख उलटून गेली. त्या वेळी हातात वाचनांचा आलेख असला की बोलणं सोपं जातं.

इतकं करूनही पाया जिथे बांधला जाईल तिथे आणि तो जिथून सरकेल त्या वाटेवर मी खांबांचा आधार घेईन. एकूण किती खचतं याची मला कमी काळजी असते, दोन टोकांना वेगवेगळं किती खचतं याची जास्त. पायाचा स्लॅब नुकता ओतलेला असताना त्याच्यात कणखरपणा नसतो. एक बाजू दोन सेंटिमीटर जास्त बसली की तडा जातो, आणि हा स्लॅब पुढे 40 मीटर पाण्याखाली अनेक वर्षं राहायचा असतो. भिंती चढल्यावर उलटं होतं: पाया इतका ताठ बनतो की जमीन खाली गेली तरी तो दोन कठीण ठिकाणांवर टेकून राहतो आणि त्या दोन ठिकाणांवर भार एकवटतो. खांबांवर काँक्रीटचे तुळईवजा रूळ टाकले तर दोन्ही प्रश्न सुटतात आणि घसरपट्टीही तीच होते. एसपीएमटी, म्हणजे असंख्य चाकांचे स्वयंचलित ट्रेलर, वापरणार असाल तर चाकांखालचा भार चौरस मीटरला 10 टनांच्या आसपास धरून सगळी वाट तयार करावी लागेल. ही वाट सरळ आणि सपाट हवी. एखाद्या ठिकाणी केबलचा चर नीट न दाबता बुजवला असेल तर नेमकं चाक तिथेच रुततं.

बार्जवर चढवण्याचा दिवस हा धक्क्याच्या आखणीचा भाग आहे, नंतर बघू म्हणण्याचा नाही. पायाचं वजन डेकवर सरकत जाईल तसं बार्ज खाली दबेल, भरती चढत असेल तर वर येईल, आणि धक्का मात्र जागचा हलणार नाही. 5 मीटरच्या भरतीत मधल्या तासाला पाणी सव्वा मीटर चढतं. तेवढ्या वेगाला पुरून उरतील असे बॅलास्ट पंप, म्हणजे बार्जच्या टाक्यांत पाणी भरून-उपसून त्याची पातळी राखणारे पंप, हवेत, एक पंप बंद पडला तरी भागेल इतके. धक्क्याची वरची कड कुठल्या पातळीला ठेवायची हे या हिशेबातूनच येतं.

गोदीचा मार्ग निघालाच तर खालच्या पाण्यापासून सावध राहा. वरून येणारं पाणी दिसतं, पंप लावता येतात. खालचं दिसत नाही. समजा समुद्रपातळी शून्य, गोदीचा तळ उणे 10 मीटरवर, त्याखाली 5 मीटर चिकणमाती आणि तिच्याखाली समुद्राशी जोडलेली वाळू. वाळूतलं पाणी मातीच्या त्या थराला खालून 150 किलोपास्कलनं ढकलतं. मातीचं वजन 5 मीटर गुणिले घनमीटरला 18 किलोन्यूटन, म्हणजे फक्त 90 किलोपास्कल. तळ फुटणारच, आणि फुटण्याआधी तो दिसायला कोरडा ठणठणीत असतो. यावर उपाय म्हणजे वाळूत खोल विहिरी घेऊन खालचा दाब सतत उतरवत ठेवणं. त्या पंपांना दोन स्वतंत्र वीजस्रोत द्या, जनरेटर दर आठवड्याला भारावर चालवून बघा, आणि वीज गेल्यापासून तळ धोक्यात येईपर्यंत किती मिनिटं आहेत तो आकडा पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. रात्रपाळीच्या माणसाला तो तोंडपाठ असला पाहिजे.

बांधाची उंची ठरवताना लोक म्हणतात, तात्पुरताच आहे, दहा वर्षांतून एकदा येणारं वादळ धरू. गोदी तीन वर्षं चालणार असेल तर त्या काळात तसं वादळ येण्याची शक्यता 27 टक्के आहे. पन्नास वर्षांतून एकदाचं धरलं तर 6 टक्के, शंभराचं धरलं तर 3 टक्के. आत माणसं काम करत असतात, म्हणून मी पन्नासाच्या खाली कधी जाणार नाही, आणि वादळाचा इशारा आल्यावर गोदी स्वतःहून, सावकाश पाण्यानं भरून टाकण्याची सोय आधीच करून ठेवतो. खेपेखेपेनं गोदी रिकामी करतानाही घाई नको. आतलं पाणी भराभर उपसलं की बाजूच्या उतारांत भिनलेलं पाणी मागे राहतं आणि उतार आत घसरतात. बांध काढायचा कसा, त्याचा माल कुठे टाकायचा, पाण्याखाली त्याचे अवशेष राहिले नाहीत हे कोण तपासणार, हे सगळं बांध घालण्याच्याच आराखड्यात असावं. पाण्याखाली राहून गेलेला एक दगड तळाला भोक पाडायला पुरतो.

पायाखालच्या गादीबद्दल थोडं खोलात जातो, कारण गोदीतून बाहेर काढताना सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच होते. गोदीत पाणी भरलं, हिशेबानं पाया उचलला जायला हवा, पण तो हलत नाही. तळ आणि जमीन यांच्यामध्ये पाणी शिरायला वाट नसते आणि चोषण धरून ठेवतं, चिखलात रुतलेला पाय जसा सहज निघत नाही तसंच. मग जास्त भरतीची वाट बघितली जाते, चोषण अचानक सुटतं आणि पाया एका बाजूनं उसळतो. म्हणून ओतकामाआधी तळाखाली एकाच मापाच्या, धुतलेल्या खडीचा थर द्या. त्यात छिद्रांचे पाइप एकमेकांना जोडून घाला आणि त्यांची तोंडं पायाच्या कडेबाहेर, पाणी दाबता येईल अशी काढा. खडीवर प्लायवूड किंवा जाड प्लास्टिकचा पडदा अंथरा, म्हणजे काँक्रीटचं दूध खडीत उतरून ती घट्ट होणार नाही. पडद्याच्या जोडांवर पट्टी लावताना मी स्वतः गुडघ्यावर बसून बघतो. ते एकदा झाकलं गेलं की पुन्हा उघडता येत नाही.

काँक्रीटच्या तयारीबद्दल दोनच गोष्टी सांगतो. भिंती स्लिपफॉर्मनं, म्हणजे सतत वर सरकत जाणाऱ्या साच्यानं, चढवणार असाल तर काम रात्रंदिवस, न थांबता चालतं. एका वेळी चढणाऱ्या भिंतींची एकूण लांबी 300 मीटर, जाडी अर्धा मीटर आणि चढ दिवसाला अडीच मीटर धरला तर दिवसाला 375 घनमीटर काँक्रीट लागेल. काँक्रीट कालवणारे बॅचिंग प्लँट दोन हवेत, आणि एकटा प्लँट सगळी गरज भागवू शकेल इतक्या क्षमतेचा प्रत्येक हवा. सिमेंट, वाळू, खडी समुद्रमार्गे येणार असेल तर खवळलेल्या समुद्राचे दिवस धरून साठा ठेवावा लागतो, आणि त्या साठ्याला जागा लागते, जी पहिल्या आराखड्यात हमखास राहून जाते. दुसरी गोष्ट म्हणजे क्षार. खाऱ्या वाऱ्यात उघड्या पडलेल्या सळया, समुद्रातली न धुतलेली वाळू, विहिरीचं मचूळ पाणी यांतून क्लोराइड काँक्रीटच्या आत जातं, आणि नंतर ते कोणी काढू शकत नाही. सळयांना छप्पर द्या, गोड्या पाण्याची पाइपलाइन पहिल्याच टप्प्यात आणा.

रस्ते, कामगारांची राहण्याची सोय, वर्कशॉप, दवाखाना हे तुम्हाला माझ्याइतकंच कळतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. क्रेनचे पाय मात्र भरावाआधी ठरवा, म्हणजे त्यांचेही खांब त्याच यंत्रानं ठोकून होतील. आणि पाय रोवून उभी राहणारी जहाजं धक्क्याजवळ येणार असतील तर त्यांचे पाय समुद्रतळात कुठे आणि किती रुततील हे भिंतीच्या आराखड्यात धरा. भिंतीच्या पायथ्याशी झालेला खड्डा भिंतीचा आधारच काढून घेतो.

परवानग्यांबद्दल. पाणी, मासे, पक्षी, गाळ यांची मूळ स्थिती नोंदवायला सगळे ऋतू लागतात, म्हणजे निदान एक वर्ष. ते पैशानं कमी होत नाही. म्हणून ही नोंदणी जागा हाती आल्याच्या आठवड्यातच सुरू करायची. खाडीच्या तोंडाशी मासेमारीच्या बोटींची वाट असणारच. ड्रेजिंगचा गाळ कुठे जाणार, खांब ठोकण्याचा आवाज कुठल्या महिन्यांत टाळायचा, ओढून नेण्याच्या दिवशी बोटींनी कुठून जायचं, हे त्या लोकांबरोबर बसून ठरवा. खाडीचा प्रवाह कुठे वळतो, गाळ कुठल्या मोसमात कुठे साचतो हे त्यांना ठाऊक असतं. ड्रेज केलेल्या वाटेत वर्षाला किती गाळ परत भरेल याचा अंदाज संगणकावर काढाच, पण त्यांना विचारूनही घ्या.

मागणी पक्की नसताना जागा तयार करण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण 20 नगांचा करार अजून सहीच्या वाटेवर आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. स्कॉटलंडमध्ये 1970 च्या दशकात काँक्रीटच्या तेलमंचांसाठी पोर्टाव्हेडी इथे सरकारी पैशानं गोदी खोदली गेली, कामगारांसाठी अख्खी वस्ती उभी राहिली. एकही मंच तिथे बांधला गेला नाही आणि त्या वस्तीत राहायला कामगार आलेच नाहीत. त्याच काळातल्या किशॉर्नच्या गोदीत निनियन सेंट्रल हा मंच बांधून 1978 मध्ये बाहेर पडला, आणि पुढे स्काय बेटाच्या पुलाच्या कामालाही तीच गोदी उपयोगी पडली. किशॉर्नला खोल पाणी अगदी लागून आहे, त्यामुळे वेगळ्या आकाराचं काम आलं तरी ती जागा चालली. तुमच्या जागेला खोल पाणी लागून नाही. म्हणून करार होईपर्यंत फक्त तीच कामं करा जी आराखडा बदलला तरी वाया जात नाहीत: तपासणी, भरतीच्या नोंदी, पर्यावरणाची नोंदणी, गोडं पाणी, वीज.

वेळेबद्दल विचारलंत, तर तपासणी आणि मूळ स्थितीची नोंदणी मिळून एक वर्ष. निचऱ्याच्या पट्ट्या, भराव आणि बोजा यांना नऊ ते पंधरा महिने, त्यातला काही भाग खांबांच्या आणि धक्क्याच्या कामाबरोबर चालतो. ड्रेजिंग शेवटच्या टप्प्यात, कारण लवकर केलेली वाट पुन्हा गाळानं भरते. सगळं नीट जुळलं तर पहिल्या पायाचा पहिला स्लॅब ओतायला दोन ते अडीच वर्षं. गोदी खोदणार असाल तर आणखी सहा महिने धरा. पहिला पाया बाहेर काढण्याचा दिवस उधाणाच्या भरतीवर ठरवा, आणि ती हुकली तर पंधरा दिवसांनी येणारी पुढची उधाणाची भरती करारात राखून ठेवा. मधल्या भांगाच्या भरतीला तुमच्या खाडीत पुरेसं पाणी येणार नाही.

तुमच्याकडे जुन्या बोअरहोलचे अहवाल, खाडीच्या तोंडाची खोली दाखवणारा नकाशा आणि भरती-ओहोटीतला फरक एवढं असेल तर इथेच द्या. मातीच्या थराची जाडी आणि त्याखाली वाळू आहे की खडक हे कळलं, तर गोदी की जमिनीवरची ओळ हे बऱ्याच खात्रीनं सांगता येईल.